पुरे म्हणजे किती?

प्रश्न थोडक्यात असा: पतींना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डावा हात तेवढा चालतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सकाळी त्यांचं सगळं आवरून शाळेत जाते, तोवर सासूबाई बघतात. रात्री दोनदा उठून त्यांची कूस बदलते. हल्ली ते मधूनच रडतात, मग मलाही सुचेनासं होतं. चर्चच्या मंडळीत सगळे म्हणतात, "प्रभू सामर्थ्य देतो, त्याच्यावर विसंबून राहा." मला ते सामर्थ्य जाणवत नाही. प्रार्थनेला बसले की झोप येते, नाहीतर राग येतो. कधीकधी वाटतं, प्रभूने आम्हां दोघांना एकदमच न्यावं. माझा विश्वास कमी पडतोय का? आणि विसंबून राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

ताई, सलाम.

तुम्ही एक वाक्य घाईघाईत, दोन वाक्यांच्या मध्ये लिहून टाकलंय. मी आधी तेच घेते: दोघांना एकदमच न्यावं. मी सुरुवातीला परिचारिका होते आणि नंतर मिशनच्या रुग्णालयात २४ वर्षं चॅप्लेन, म्हणजे रुग्णांना आणि घरच्यांना आध्यात्मिक आधार देणारी. हे वाक्य खाटेवरच्या माणसापेक्षा खाटेशेजारी स्टुलावर बसलेल्या माणसाच्या तोंडून मी जास्त वेळा ऐकलंय. ते मनात आलं म्हणून तुम्ही पापी ठरत नाही. पण अंगात ताप वाटला की आपण तो मोजतो, तसं हेही मोजायला हवं. विचार येऊन निघून जातो, की रोज येतो? आला की 'कसं' हेही मनात घोळू लागतं का? तसं असेल तर उद्यावर टाकू नका. बहिणीला सांगा, पाळकांना सांगा, डॉक्टरांना सांगा, पण तोंडाने सांगा. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. डॉक्टरांनी मनासाठी गोळी लिहून दिली तर ती घ्या. बीपीची गोळी घेताना आपण विश्वास कमी पडला असं म्हणत नाही, मग हीच गोळी घेताना का म्हणायचं?

आणि असं मागणं मागणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. एलीया संदेष्ट्याने हेच मागितलं. कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेला उत्तर म्हणून देवाने अग्नी पाडला, एवढी मोठी गोष्ट घडून गेल्यावर ईजबेल राणीच्या धमकीच्या एका निरोपाने तो जीव घेऊन पळाला, बैर-शेबाच्या पुढे रानात दिवसभर चालला आणि एका झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. १ राजे १९ पुन्हा वाचा, पण सावकाश वाचा. देवाने त्याला उपदेश केला नाही. कर्मेलवर अग्नी पाडला तो मीच ना, असंही विचारलं नाही. देवदूताने त्याला हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचं भांडं होतं. तो जेवला आणि परत झोपला. देवदूताने त्याला झोपू दिलं! दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घातलं, का, तर पल्ला लांब आहे म्हणून. पल्ला कमी केला नाही, हेही बघा. ४० दिवस, ४० रात्री चालून तो होरेबला पोहोचला, आणि त्यानंतर कुठे देव त्याच्याशी बोलला. तिथे त्याने 'मी एकटाच उरलो' ही तक्रार शब्दाला शब्द दोनदा केली आणि देवाने ती दोन्ही वेळा ऐकून घेतली.

आम्ही उपदेश करणारे नेहमी थेट होरेबवर उडी मारतो, देव तिथे ज्या मंद वाणीतून बोलला तिच्यावर. मधली भाकर आणि झोप गाळून टाकतो. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही तो क्रम ओळखीचा वाटेल: आधी पाणी, मग अन्न, मग झोप, मग बोलणं. म्हणून प्रार्थनेला बसल्यावर तुम्हाला झोप येते याबद्दल मला जराही काळजी वाटत नाही. तीन वर्षं जी बाई सलग सहा तास झोपलेली नाही, ती जिथे बसेल तिथे झोपणारच. देवापाशी बसली तर देवापाशी झोपेल.

आता सामर्थ्य जाणवत नाही म्हणता त्याबद्दल. इथे माझं म्हणणं जरा सविस्तर ऐका, कारण मी स्वतः या बाबतीत पुष्कळ वर्षं चुकीचं शिकवत होते.

सामर्थ्य म्हणजे अंगात काहीतरी भरल्यासारखं वाटणं, थकवा पळून जाणं, मन हलकं होणं, अशी आपली समजूत असते. उपासनेत कधी तसं होतंही, आणि झालं तर प्रभूचे आभार मानावेत. पण येशूला पकडण्याआधीचा गेथशेमाने बागेतला प्रसंग लूककृत शुभवर्तमानाच्या २२व्या अध्यायात पाहा. येशू प्रार्थना करतोय. ४३व्या वचनात आकाशातून देवदूत येऊन त्याला शक्ती देतो. आता तो शांत झाला, उठला, असं पुढे यायला हवं ना? पुढच्याच वचनात त्याच्या वेदना वाढतात, तो अधिक कळकळीने प्रार्थना करतो आणि घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडतो. शक्ती मिळाली त्यानंतरचं हे वर्णन आहे. ती मिळाली म्हणून त्याचं दुःख कमी झालं नाही. त्या दुःखात तो टिकून राहिला, उठून पळाला नाही, एवढं मात्र झालं. देवाच्या पुत्राला शक्ती मिळाल्यावर असं वाटलं असेल, तर तुम्हाला गेली तीन वर्षं शक्ती मिळतच नाहीये हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुम्ही मला लिहिलंय की रात्री दोनदा उठता. गेल्या तीन वर्षांत अशा दोन हजारांहून जास्त वेळा तुम्ही उठलात. तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं, हा वेगळा प्रश्न. उठलात, हे खरं आहे.

दुसरं वचन तिसऱ्या स्तोत्रातलं. आपल्या मराठी बायबलमध्ये ते फार सुंदर आहे: "मी अंग टाकले व झोपी गेलो, मी जागा झालो, कारण मला परमेश्वराचा आधार आहे." पोटचा मुलगा अबशालोम जिवावर उठला होता आणि दावीद राजा पळत होता, त्या वेळचं हे स्तोत्र आहे. विसंबून राहणं म्हणजे काय, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे 'अंग टाकणं' याहून चांगला शब्द नाही. खाटेवर अंग टाकलं की माणूस झोपतो, आणि झोपल्यावर त्याला खाट जाणवत नाही. ती तर त्याला रात्रभर पेलत असते. खाट सारखी जाणवत राहिली तर समजावं की माणूस अजून अंग चोरून पडलाय.

प्रेषित पौलाला देव म्हणाला, "माझी कृपा तुला पुरे आहे." देवाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे कसलासा सततचा त्रास, काढावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली होती. काटा राहिला आणि हा शब्द मिळाला: पुरे. भरपूर, असं देव म्हणाला नाही. एलीयाला भाकर करून देणाऱ्या सारफथच्या विधवेची गोष्ट आठवा. दुष्काळात तिच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही आणि कुपीतलं तेल आटलं नाही. माझ्या लहानपणी मला वाटायचं, एलीया आला आणि तिचं मडकं काठोकाठ भरलं. तसं कुठेच लिहिलेलं नाही. तिच्याकडे मूठभर पीठ होतं, आणि मला वाटतं, ती रोज सकाळी मडक्यात हात घालायची तेव्हा बोटांना तळच लागत असणार. तळ लागायचा, तरी त्या दिवसाची भाकरी व्हायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुरे म्हणजे एवढं. उरत नाही, सरतही नाही.

म्हणून प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" असं आहे. त्यात 'आज' हा शब्द मुद्दाम आहे. रानात इस्राएलांना देवाकडून रोज मिळणारं अन्न, म्हणजे मान्ना, ज्यांनी उद्यासाठी साठवला त्यांच्या भांड्यात किडे पडले. तुम्ही लिहिलं नसलं तरी मी ओळखते की रात्री कूस बदलून झाल्यावर तुम्ही पुढच्या दहा वर्षांचा हिशेब मांडत असाल: सासूबाई थकल्या तर, माझी बदली झाली तर, माझंच काही झालं तर. ताई, पुढच्या दहा वर्षांचं सामर्थ्य तुम्हाला आज मिळणार नाही. ते नसणं म्हणजे अविश्वास नाही. ज्या दिवसाचं आहे ते त्याच दिवशी मिळतं. उद्याची कागदपत्रं, पैसा, बदलीचा अर्ज यांची व्यवस्था जरूर करा, दिवसाच्या उजेडात करा. रात्री दोन वाजता करू नका.

एक वाक्य तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवलं असेल: देव पेलवेल तेवढंच ओझं देतो. मीही ते सांगायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका माणसाला सांगितलं, त्याचा मुलगा भाजलेल्यांच्या वॉर्डात होता. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "बाई, मला पेलत नाहीये. मग माझ्यात काय खोट आहे?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी ते वचन शोधायला बसले आणि ते पवित्र शास्त्रात मला सापडलं नाही. १ करिंथ १०:१३ आहे, पण तिथे परीक्षेबद्दल, मोहात पडण्याबद्दल लिहिलंय; दुखण्याच्या ओझ्याबद्दल नाही. उलट २ करिंथच्या पहिल्याच अध्यायात पौल म्हणतो की आशिया प्रांतात आम्ही आमच्या शक्तीपलीकडे दडपले गेलो, इतके की जगण्याची आशा उरली नाही. शक्तीपलीकडे! आणि ते कशासाठी, तर आम्ही स्वतःवर भरवसा ठेवू नये म्हणून. म्हणजे ओझं तुमच्या खांद्याच्या मापाने येत नाही. त्या माणसाची माफी मागायला मी सकाळी गेले. तो मुलाला पाणी पाजत होता, नुसता मान हलवून बसा म्हणाला. पुढचे पाच दिवस मी त्याच्याशी काहीही न बोलता रोज अर्धा तास तिथे बसले.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा कळीचा भाग मला तिच्यातच कळला. माझ्या आईला शेवटची सहा वर्षं विसरभोळेपणाचा आजार होता. मी घरी एकटी करणारी. शेजारच्या काकू दर दोन दिवसांनी विचारायच्या, "मी बसू का जरा?" आणि मी दर वेळी म्हणायचे, "नको काकू, प्रभू सामर्थ्य देतो." मला ते विश्वासाचं वाक्य वाटायचं. एका दुपारी आईने चौथ्यांदा कपडे खराब केले आणि मी तिच्यावर ओरडले, इतकी की आवाज शेजारी गेला. काकू न विचारता आत आल्या, माझ्या हातातून टॉवेल घेतला आणि म्हणाल्या, "तू पड. मी बसते." मी आतल्या खोलीत जाऊन दोन तास मेल्यासारखी झोपले. उठले तेव्हा आई स्वच्छ कपड्यात बसली होती आणि काकू तिला केळं भरवत होत्या. मला ते झुडूप आणि ती निखाऱ्यावरची भाकर आठवली. दोन वर्षं मी देवाकडे सामर्थ्य मागत होते आणि त्याने पाठवलेलं सामर्थ्य दारातून परत लावत होते, आणि तेही त्याचंच नाव घेऊन.

त्यानंतर मी शास्त्र वेगळ्या डोळ्यांनी वाचायला लागले. रफीदीम इथे लढाई चालली असताना मोशेचे हात वर असले की इस्राएल लोक जिंकायचे, पण ते हात जड झाले. देवाला त्याच्या दंडांत बळ भरता आलं नसतं का? पण झालं काय, तर बसायला एक धोंडा आणला, एका बाजूने अहरोनाने आणि दुसऱ्या बाजूने हूराने हात धरले, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले. फिलिप्पैकरांच्या पत्रातलं "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे" हे वचन आपण फ्रेम करून भिंतीवर लावतो. त्याच्या पुढचंच वचन कुणी लावत नाही. त्यात पौल म्हणतो, तरी तुम्ही माझ्या संकटात भागीदार झालात हे बरं केलं. बंदीत असलेल्या पौलाला फिलिप्पैच्या मंडळीने आपल्या एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती मदत पाठवली होती, तिच्याबद्दलची ती ओळ आहे. सामर्थ्याचं सगळ्यात प्रसिद्ध वचन मदत मिळाल्याच्या पोचपावतीत लिहिलेलं आहे! आणि प्रभूचा वधस्तंभ शेतावरून येणाऱ्या शिमोन कुरेनेकराच्या खांद्यावर दिला गेला, हे तर तुम्ही दर उत्तम शुक्रवारी ऐकता.

आपल्या मराठी मंडळीत पंडिता रमाबाईंचं नाव आपण एकट्या लढणाऱ्या बाईचं म्हणून घेतो. त्यांच्या वाट्याला आलेले मृत्यू मोजले तरी छाती दडपते: दुष्काळात आईवडील, १८८० साली भाऊ, १८८२ साली पती, पदरात तान्ही लेक मनोरमा. १८९६-९७च्या आणि १९००च्या दुष्काळांत शेकडो मुलींना आणून केडगावला मुक्ती मिशन त्यांनी उभं केलं ते प्रार्थनेवर, हे खरंच. पण तिथे दळणारे, विणणारे, शिकवणारे, छापखाना चालवणारे हातही होते, देशातले आणि परदेशातले, आणि त्यांत मनोरमेचे हात सगळ्यात जवळचे. ती १९२१च्या जुलैमध्ये गेली. रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगल्या आणि बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामाला लागलेल्या राहिल्या. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. देवाने धरून ठेवलेल्या बाईचं दुःख कसं दिसतं, असं कुणी मला विचारलं तर मी त्या नऊ महिन्यांकडे बोट दाखवते. लेक गेली, आणि कामही थांबलं नाही.

विश्वास कमी पडतोय का, हे राहिलंच. आजारी मुलाच्या बापाने येशूला सांगितलं, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवा. तोही तुमच्यासारखा वर्षानुवर्षं सांभाळणारा. त्याचा विश्वास वाढेपर्यंत येशू थांबला नाही. तुमच्या विश्वासाअभावी पती बरे होत नाहीत असं कुणी म्हणालं, तर त्यांना पौलाच्या काट्याचं वचन दाखवा आणि विषय बंद करा. बरं होण्यासाठी प्रार्थना करत राहा, फिजिओथेरपीही सोडू नका. राग येतो तेव्हा ८८वं स्तोत्र मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात आहे.

मग करायचं काय? या रविवारी मंडळीत कुणी "काही लागलं तर सांगा" म्हणालं की हसून बरं म्हणू नका. काम सांगा, दिवस सांगा, वेळ सांगा. "बुधवारी चार ते सहा येऊन बसाल का?" "महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी उपासनेच्या वेळी घरी थांबाल का, म्हणजे मी आणि सासूबाई एकत्र येऊ?" लोकांना येता येत नाही असं नसतं, पुष्कळदा काय करावं हेच त्यांना कळत नाही. पाळकांना सांगा की प्रभुभोजन घरी येऊन द्या, दोघांना एकत्र. ते करायलाच हवं, तुम्ही संकोचाने मागितलं नसेल. रात्रीच्या उठण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. एअर बेड घेतला आणि कातडी चांगली असली तर किती तासांनी कूस बदलायची हे ते पाहून सांगतील. एखादी रात्र दीर किंवा भाचा झोपायला येऊ शकेल का, तेही विचारा. कूस बदलताना त्यांना हाताला धरून ओढू नका. अंगाखाली खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी दुहेरी घडीची चादर कायम ठेवा आणि ती धरून वळवा. त्यांचा अधू खांदा आणि तुमची कंबर दोन्ही वाचतील. नर्सिंग शिकताना पहिल्या वर्षी मला हे शिकवलं होतं आणि मी ते चॅप्लेन म्हणूनही शेकडो घरांत शिकवलंय. त्यालाही मी सेवाच म्हणते.

प्रार्थना लांब करू नका. सकाळी चहा ठेवताना, "प्रभू, आजचं दे." रात्री दिवा मालवताना, "प्रभू, आजचं झालं, आता तू बघ," आणि अंग टाका. काही महिने एवढंच चालेल.

शेवटी त्यांच्या रडण्याबद्दल. अर्धांगवायूनंतर रडू आवरत नाही ते पुष्कळदा मेंदूच्या इजेमुळे असतं, प्रत्येक वेळी त्यामागे दुःखच असेल असं नाही. डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतात. पण दुःखही असेल. तीन वर्षं त्यांच्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना केली. त्यांना कुणी प्रार्थना करायला सांगितली का? त्यांचा डावा हात चालतो असं तुम्ही लिहिलंय. आज रात्री कूस बदलून झाली की खाटेला लागून खाली बसा, तो हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवा आणि त्यांना सांगा, "माझ्यासाठी प्रार्थना करा." शब्द येणार नाहीत. हात काढू नका, तिथेच बसा.